सायत्रेची न उठलेली बैठक

"ही पाळ पाण्यानं नाही पोखरली. राखायला ज्यांना बसवलं, त्यांनीच पोखरली."

खैरपाळच्या तलावावर कुणी नवखा आला की म्हातारा उरकुडा शेंडे याच वाक्यापासून सुरुवात करतो. बोट कुणाकडे दाखवत नाही. नजर पाळीवर असते. पाळ म्हणजे तलावाचं पाणी अडवून धरणारा मातीचा उंच बांध. तिच्या पायथ्याशी, वस्तीच्या बाजूला, एक फुगवटा आहे. टेकून बसलेल्या माणसाच्या पाठीएवढा. भर वैशाखात तलावाचा तळ भेगाळतो, तरी हा फुगवटा ओला असतो. त्याला सायत्रेची पाठ म्हणतात. समोर चार दगड मांडलेले आहेत. गावात नवी ग्रामपंचायत निवडून आली की तिची पहिली बैठक कार्यालयात होत नाही, इथे होते.

यंदाचे नवे सदस्य आले ते दोन घोळक्यांत, मधे बैलगाडी जाईल एवढी जागा सोडून. उपसरपंच कुणाचा, यावरून त्यांचं आधीच बिनसलं होतं. उरकुडाने ती मधली जागा पाहिली आणि सांगायला लागला.

फार मागची गोष्ट. तेव्हा सरकारी पंचायत नव्हती, पण निवडणूक होती म्हणे. दिवाळी झाली की सगळं गाव पाळीवर जमायचं आणि ज्याच्यावर भरवसा त्याच्या मडक्यात मोहाची एक बी टाकायचं. अशी पाच माणसं निवडली जात. त्यांना पाळकरी म्हणत. तलावातून पाणी सोडायचं जे तोंड, त्याला तुडूम म्हणतात. ते एका जड लाकडी खुंट्याने बंद असे. खुंट्याला पाच दोर होते आणि पाचही ओढल्याशिवाय तो हलत नसे. एकट्यादुकट्याच्या मर्जीने पाणी सुटू नये म्हणून गावाने मुद्दाम तसं केलं होतं. आणखी एक नियम होता. कुणीही पाळकरी बैठक बोलावू शके, पण बसलेल्या बैठकीतून जो आधी उठेल त्याचं पद जाई. रागाने निघून जायची सोयच गावाने ठेवली नव्हती.

त्या वर्षी उगवतीच्या आळीतून तानबा आणि बकाराम निवडून आले, मावळतीच्या आळीतून झिबल आणि कवडू. पाचवी होती सायत्रा, पाळीखालच्या वस्तीतली विधवा. दोन्ही आळ्यांना एकमेकांचा पाचवा माणूस नको होता, म्हणून दोघींनी तिच्या मडक्यात बिया ओतल्या. ती आपलीच बाजू घेईल, असं दोघींनाही वाटत होतं. सायत्रेला वाटत होतं, की तिला पाळ राखायला निवडलं आहे.

भादव्यात तलाव काठोकाठ भरला. सायत्रेची लेक जनी बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली, पण जनी तापाने फणफणली. तिला उचलून दुसरीकडे न्यायची सोय नव्हती. आणि त्याच दिवसांत सायत्रेला पाळीच्या पायथ्याशी ओल दिसली. तिने हात लावला. माती गार होती, आणि आतून काहीतरी हलत होतं.

ती गळती नेमकी हद्दीच्या धोंड्याखाली होती. पाळीची निम्मी राखण उगवतीकडे, निम्मी मावळतीकडे, आणि मधे तो धोंडा. सायत्रेने चौघांना तिथे आणून दाखवलं.

तानबा म्हणाला, "गळते तुमच्या हद्दीत, अन् माती आमच्या बैलांनी वाहायची का?"

झिबलने वाकून पाहिलं. "दगडाच्या कोणत्या अंगाला पाणी आहे, ते आंधळाही सांगंल, तानबा. तू तर डोळस आहेस."

"दगडाचं मंग पाहा," सायत्रा म्हणाली. "आधी तुडूम उघडा जी. पाणी उतरू द्या."

यावर कवडू हसला म्हणे. "आम्ही पाणी सोडा म्हटलं म्हणजे गळती आमची, हे कबूल केलं, बाई. मंग दिवाळीला आमच्या मडक्यात बी नाही, माती पडंल."

आणि त्यांनी तुडूम उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहावं तर धोंडा हातभर मावळतीकडे सरकलेला. तिसऱ्या दिवशी तो उगवतीकडे. गळती दुसऱ्याच्या हद्दीत जावी म्हणून दोन्ही बाजू पहारीने धोंडा उपटत होत्या, पुन्हा गाडत होत्या. दर वेळी त्याखालची माती ढिली होत होती. ओलीची धार झाली. धार गढूळ झाली. पाणी गढूळ आलं म्हणजे ते पाळीची माती घेऊन येत आहे, हे सायत्रेला कळत होतं. चौघांनाही कळत होतं. पण चौघांची घरं उंचावर होती.

सायत्रा घरोघरी फिरली. तानबा म्हणाला, झिबलला आधी बोलाव. झिबल म्हणाला, तानबाला आधी बोलाव. त्या दुपारी ती परत आली तेव्हा जनी अंथरुणात बसली होती आणि पोरीला छातीशी धरून ऐकत होती. "आई, जमीन गुरगुरते का?" तिने विचारलं. सायत्रेने जमिनीला तळहात लावला. ती बाहेर पडली आणि थेट धोंड्याकडे गेली.

धार आता मुठीएवढी झाली होती. सायत्रा त्या भोकाला पाठ लावून खाली बसली. गार पाणी तिच्या मणक्यावर आदळलं आणि थांबलं. तिने वस्तीतल्या एका बाईला सांगावा देऊन चौघांकडे पाठवलं. सांगावा एवढाच होता, की बैठक बसली आहे.

चौघेही आले. पाळीच्या काळजीने नाही आले. आपण गेलो नाही तर समोरचे दोघे सायत्रेला वळवून काहीतरी ठरवतील, या धास्तीने आले. समोर चार दगड होते. त्यावर बसण्यापूर्वी कोण कुठल्या अंगाला बसणार, यावरून ते भांडले, आणि बसल्यावरही भांडतच राहिले. सायत्रा ऐकत होती. तिच्या पाठीमागे अख्खा तलाव होता आणि तो ढकलत होता. भिंतीपलीकडून कुणी आपली पाठ चाचपावी, तसं तिला वाटत होतं.

मग पाळीच्या पोटातून आवाज आला. घटाघटा पाणी पिणाऱ्याच्या घशातून येतो तसा. पायाखालून बुडबुडे वर येऊ लागले, बसायच्या दगडांभोवती पाणी साचलं. आता प्रत्येकाला पळायचं होतं. आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता, की हा आधी उठतो का. पण कुणी उठेना. सांगतात, की त्या घटकेला सायत्रेला पाण्याची भीती वाटेनाशी झाली. तिला त्या चौघांची भीती वाटली.

"हात धरा एकमेकांचे," ती म्हणाली. "अन् संगंच उठा. कोणाचंच पद जाणार नाही. जा, खुंटा ओढा."

बकारामने आधी हात पुढे केला. चौघे एका दमात उठले.

"अन् तू?" त्याने विचारलं.

"माझी पाठ निघाली का पाणी निघंल. मी बसली आहे."

चौघे तुडूमाकडे धावले. पाचव्या दोराला हात नव्हता. तेव्हा खालच्या वस्तीतली माणसं, म्हातारी-कोतारी, सगळी त्या एका दोराला लागली. खुंटा निघाला आणि पाणी नाल्याने वाहू लागलं. तलाव उतरायला फार वेळ लागला. परत येऊन पाहतात तर सायत्रा तशीच बसलेली, डोळे उघडे, अंग गार. तिला उचलायला गेले तर पाठ मातीपासून सुटेना. पाळीने तिला धरलं होतं, असं म्हणतात. शेवटी चौघांनी आपल्या हातांनी माती वाहिली आणि ती बसली होती तिथेच तिला झाकलं. कुणाची टोपली पहिली, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

जनी वाचली, पोरही वाचलं. खालची वस्ती आज त्याच पोरीच्या वंशाची आहे म्हणे. आणि सायत्रा उठली नाही, म्हणून ती बैठकही मोडलेली नाही.

आजही नवी पंचायत इथे येते ती नवी बैठक घ्यायला नाही, त्याच बैठकीत बसायला. आजही सदस्य एकमेकांचे हात धरून एकदम उठतात. आणि गावाने निवडून बसवलेले लोक जेव्हा आपसांत लढतात, तेव्हा सायत्रेच्या पाठीची ओल पाळीवर वर चढते, असं सांगतात.

उरकुडा थांबला. सदस्यांपैकी एकाने हसून खिशातला फोन काढला. दुसऱ्या घोळक्यातला एक जण म्हणाला, की चला, आता सह्या उरकून घेऊ. मधली जागा तेवढीच होती.

फुगवट्याजवळ खालच्या वस्तीतली पारबता गवत कापत होती. तिने विळा थांबवला, पाळीला तळहात लावून पाहिला आणि मान वर न करताच म्हणाली, "मागच्या साली वल माझ्या घोट्याला लागत होती जी. औंदा कमरेला लागते."