बाटल्यांमधल्या मोकळ्या जागा

सगळं सांगून झाल्यावर, हे कुणाला सांगायचं नाही, असं ऑल्विनमामाने मला बजावलं होतं. मी मान डोलावली होती. पण मला चारचौघांत बोलता येत नाही, आणि वहीत लिहिणं म्हणजे काही सांगणं नव्हे, असं मी धरून चालले आहे.

“पण मग ओळखता कसं, ब्रदर?”

मामा विचारत होता. ब्रदर इनास आलं किसत होते.

“काय ओळखायचं?”

“कोणती बाटली कधीची ते. तारीख नाही, नंबर नाही, लेबल नाही. साठ बाटल्या, आणि साठही हिरव्या!”

“डावीकडून प्यायच्या. उजवीकडून ठेवायच्या.”

“बस?”

“बस.”

ब्रदर इनास पूर्वी चर्चच्या शाळेत सुतारकाम शिकवायचे. आता ऐंशी उलटली. जुन्या शाळेची एक खोली त्यांना राहायला दिली आहे. तिच्या पुढे केळी, मागे पानवेली, आणि आत ते आल्याची बिअर करतात. ती विकत नाहीत. नाताळात गावातल्या प्रत्येक घरी थोडी पोचते, लहानांनाही घोटभर मिळते.

ही बिअर बाटलीत गेली तरी गप्प बसत नाही. आत फसफसत राहते. फार दिवस विसरलं तर बूच उडतं, नाहीतर बाटलीच फुटते. म्हणजे मामाचा प्रश्न काही खुळा नव्हता.

“आणि एखादी जुनी राहून गेली तर?”

ब्रदरांनी किसणी वर केली. छताच्या फळ्यांवर बुचांचे गोल वण उमटले होते.

“तो मधला नोव्हेनाच्या प्रार्थनेच्या दिवशीचा. पार चर्चमध्ये ऐकू गेला. दोडतीकाकू बाकाखाली शिरली. फादर म्हणाले, बाहेर ये, अजून जगबुडी झालेली नाही.”

मामा हसला नाही. तो हसायला आला नव्हता.

मामा अकरा वर्षं कॅनडात आहे. जाण्यापूर्वी तो इथेच शिकला होता. सात दिवस ब्रदरांच्या हाताखाली आलं किसायचं, साखर विरघळवायची, विरजणाला रोज एक चमचा साखर खाऊ घालायची. विरजण म्हणजे बरणीतला तो ढगाळ साका, ज्याच्यामुळे बिअर जिवंत होते. सातव्या दिवशी ब्रदर प्रत्येक शिष्याला त्याच्या हातची एक बाटली देतात. फी काहीच नाही. प्यायची आणि रिकामी बाटली परत आणून द्यायची.

मामाने ती बाटली बरोबर नेली होती.

“तिकडे मी एकेचाळीस वेळा केली, ब्रदर.” मामाने पाठीवरच्या पिशवीतून एक जाड वही काढली. “हे बघा. खेप एक ते खेप एकेचाळीस. आलं किती, साखर किती, खोलीत ऊब किती, कितव्या दिवशी बूच लावलं. प्रत्येक बाटलीवर लेबल. एकही बाटली फुटली नाही.”

“छान.”

“पण ती चव येत नाही.”

“कोणती?”

“पहिल्या बाटलीची. इथल्या.”

ब्रदरांनी वही हातात घेतली, चष्मा वर केला, पानं उलटली.

“अक्षर सुधारलं तुझं.”

“ब्रदर…”

“सगळं लिहिलंस. चवीचं कुठे लिहिलंस?”

“चव कशी लिहिणार?”

“मग ती आली नाही हे कशावरून?”

मामाने वही परत घेतली. मग त्याने ज्यासाठी आला होता ते सांगून टाकलं. त्याला विरजण हवं होतं. ब्रदरांच्या बरणीतलं, वाटीभर. पाच जानेवारीचं परतीचं तिकीट होतं. तिकडे नेऊन ते वाढवायचं, म्हणजे चव आपोआप येईल, असं त्याने ठरवलं होतं. विमानात कसं न्यायचं तेही शोधून ठेवलं होतं.

ब्रदरांनी किसणी पुन्हा पुढे ओढली. आलं किसत राहिले.

मामाला वाटलं, फुकट मागितलं म्हणून असेल. तो घाईघाईने म्हणाला, “त्याच्या बदल्यात मी तुमची ही मांडणी लावून देतो. सगळ्यांना लेबलं. माझ्याकडे मशीन आहे, खिशात मावतं. सकाळभराचं काम.”

…

“मला वाडीत पाणी सोडायचंय,” ब्रदर म्हणाले, आणि टोपी घालून बाहेर गेले.

मामाने हे ‘हो’ आहे असं समजून घेतलं. आमच्या घरी सगळे म्हणतात की मामाला ‘नाही’ हा शब्द ऐकू येत नाही. पण ब्रदर ‘नाही’ही म्हणाले नव्हते.

ती मांडणी ब्रदरांनी स्वतः केलेली आहे, शाळेच्या मोडक्या बाकांच्या फळ्या जोडून. चार फळ्या, भिंतभर लांब. मामाने सगळ्या बाटल्या खाली उतरवल्या. फळ्यांवर धूळ होती, आणि कडेला खडूने लिहिलेली काही पुसट अक्षरं होती. बाकांवर पोरं नावं लिहितातच. मामाने स्वतःही लिहिली होती, त्याबद्दल छड्या खाल्ल्या होत्या. त्याने फडकं ओलं करून चारही फळ्या लख्ख पुसल्या.

मग एकेक बाटली उजेडात धरली. आतला गाळ किती, रंग किती निवळला, ते पाहून कोणती कधीची याचा अंदाज बांधला. मशीनमधून पट्ट्या निघत गेल्या. नंबर, महिना, कधीपर्यंत प्यायची. बाटल्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या, शाळेच्या फोटोत मुलं उभी करतात तशा. पूर्वी मधे मधे मोकळ्या जागा पडल्या होत्या, त्या सगळ्या बुजल्या. शिवाय खालच्या फळीवर हातभर जागा शिल्लक राहिली.

ब्रदर आले तेव्हा मामा दारातच होता.

“बघा! अजून नऊ बाटल्या मावतील!”

ब्रदर मांडणीपाशी गेले. वरच्या फळीवरून त्यांनी बोट फिरवत नेलं, लाकडातल्या गाठी मोजत. एका गाठीपाशी थांबले.

“ही इथे कुणी ठेवली?”

“मी. जागा रिकामी होती.”

“रिकामी नव्हती.”

“ब्रदर, एकही बाटली नव्हती तिथे.”

“तेच म्हणतो.”

मामाला वाटलं, म्हातारपण. पण ब्रदरांनी ती बाटली उचलून खाली जमिनीवर ठेवली होती, आणि ओल्या फळीच्या कडेवर हात ठेवून ते उभे होते. त्या कडेवर काय होतं ते मामाला तेव्हा आठवलं.

“इथे लुद्दीन,” ब्रदर म्हणाले. “मस्कतला आहे. नर्स.”

बोट पुढे सरकलं. आणखी एक बाटली खाली आली.

“इथे मच्याडोंचा रॉकी. जहाजावर. पत्ता म्हणजे समुद्र.”

पुढची.

“इथे दोघे रुमाव भाऊ. बाटली एकच दिली होती, पण बोलत नाहीत एकमेकांशी. कोण घेऊन येईल कुणास ठाऊक. म्हणून जागा दोन.”

मामाने विचारलं नव्हतं, तरी ते सांगत होते, आणि प्रत्येक नावाला एक बाटली खाली उतरत होती.

“इथे फादर कोरिया. वारले, तीन वर्षं झाली.”

“मग ही जागा अजून कशाला?”

“बाटली कुठे वारली?”

…

आठ जागा मोकळ्या झाल्या. मामाने खाली बघावं तर त्याची पांढरी लेबलं जमिनीवरून त्याच्याकडे बघत होती.

“मला वाटलं, पोरांनी लिहिलंय,” तो म्हणाला.

“मीच लिहितो. यंदा गिरवायचं राहिलं. हात कापतो.”

“मला सांगायचं तरी, ब्रदर! जाताना एक शब्द बोलायचा!”

“तू विचारलं होतंस कुठे? तू तर लावून देतो म्हणालास.”

ब्रदर आता गुडघ्यावर बसले होते, सगळ्यात खालच्या फळीपाशी. भिंतीकडच्या टोकाची बाटली त्यांनी काढली. यावेळी नाव सांगितलं नाही.

“इथे कोण?” मामाने विचारलं.

ब्रदरांनी खिशातून खडूचा तुकडा काढून त्याच्यापुढे धरला.

मामाने तो घेतला. फळीवर टेकवला, एक रेघ ओढली. काहीच उमटलं नाही. लाकूड ओलं होतं, त्यानेच पुसलेलं.

“वाळू दे,” ब्रदर म्हणाले.

दोघे जमिनीवर बसले, बाटल्यांच्या मधोमध. बाहेर पाटाचं पाणी केळीच्या आळ्यांतून जात होतं, त्याचा आवाज येत होता. एका बाटलीत बुडबुडा वर गेला.

…

“ती बाटली माझ्याकडे नाही, ब्रदर.”

…

“पहिल्याच नाताळात प्यायलो. खोलीत एकटाच होतो. बाहेर इतका बर्फ की चर्चलाही जाता आलं नाही. आधी नुसतं बूच उघडलं आणि वास घेतला. मग बराच वेळ प्यायलोच नाही. संपेल म्हणून.” मामा खडू बोटांत फिरवत होता. “रिकामी बाटली खिडकीत ठेवली होती. दोन वर्षं. मग खोली बदलली. काचेचं सामान कचऱ्याच्या वेगळ्या पेटीत टाकायचं असतं तिकडे. टाकून दिली. घाईत होतो.”

ब्रदर ऐकत होते.

“दोनदा सुट्टीवर येऊन गेलो मी. तुमच्याकडे आलो नाही. एकदा वळणापर्यंत आलो आणि परत फिरलो. रिकाम्या हाताने कसं यायचं?”

“माहीत आहे.”

“काय?”

“वळणापर्यंत आलास ते. दोडतीकाकूने पाहिलं. मला म्हणाली, तुमचा ऑल्विन कुणाची तरी गाय हरवल्यासारखा उभा होता.”

मामाला हसू आलं, आणि हसता हसता दुसरंच काही झालं. ते त्याने मला नीट सांगितलं नाही. नाक लाल झालं होतं, एवढं मात्र तो घरी आला तेव्हा मी पाहिलं. आई त्याला कधीच असलं काही विचारत नाही. ती दर खेपेला दारातच विचारते, किती दिवस आहेस? आणि तो सांगेल तो आकडा ऐकून पाणी आणायला आत जाते.

“मग खरं सांग,” ब्रदर म्हणाले. “एकेचाळीस खेपा कुणासाठी केल्यास?”

“कुणासाठी म्हणजे? मीच प्यायलो.”

“सगळ्या?”

“तिकडे कोण आहे?”

ब्रदरांनी फळीवर पंजा ठेवून पाहिला. वाळली होती.

मामाने आपलं नाव लिहिलं. खडू लाकडाच्या रेषेत अडखळत होता. लिहून झाल्यावर त्याला दिसलं की खाली, त्याच अक्षरांच्या जागी, लाकूड थोडं फिकं पडलं आहे. अकरा वर्षं एकाच जागी गिरवल्यावर फडक्यानेही जे जात नाही, तेवढं.

मग दोघांनी मिळून बाकीची आठ लिहिली. ब्रदर सांगत गेले, मामा लिहीत गेला. रुमावांचं नाव दोनदा. बाटल्या पुन्हा वर चढल्या, मधे मधे मोकळ्या जागा सोडून. लेबलं तशीच राहिली. मामा नखाने ती खरवडायला लागला, तर ब्रदर म्हणाले, “असू देत. तारखा बऱ्या आहेत. छप्पर वाचेल.”

मामा जायला निघाला. विरजणाचं पुन्हा काढायची त्याची हिंमत नव्हती. दारात चप्पल शोधत असताना मागून झाकण उघडल्याचा आवाज आला. ब्रदर मोठ्या बरणीतून पळीने ढवळून, तळाचा साका वर आणून, एका लहान बरणीत ओतत होते. एक पळी. दुसरी. त्यांनी बरणीचं तोंड फडक्याने बांधलं आणि ती मामाच्या हातात दिली.

“रोज एक चमचा,” ते म्हणाले. “विसरलास तर मरतं.”

 माणसाला काही सुचलं नाही की हात नेहमीचं काम करतात. त्याने बरणी कठड्यावर ठेवली, खिशातून मशीन काढलं आणि बटणं दाबायला लागला. आल्याचं विरजण. ब्रदर इनास यांच्याकडून. मग थांबला.

“तारीख आजची घालू ना, ब्रदर?”

ब्रदर टोपी काढून खुंटीला लावत होते.

“आजची मला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “परत येशील ती घाल.”

मामाने एक आकडा दाबला, खोडला, पुन्हा दाबला. बरणी आता आमच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे आहे, फडकं बांधलेली. मी काल हळूच वळवून पाहिली. त्यावर पाच जानेवारीच्या पुढची जी तारीख छापली आहे, ती इतकी जवळची आहे की आईला कळलं तर ती… आले गं आई, आले, हात धुऊन येतेच!