मडक्यातला गोटा

अगं ऐक ना, गावातल्या कुंभारशाळेत काय झालं! मडकं घडवताना बाहेरून लाकडी थापी मारतात आणि आतून दगडाचा गोटा टेकू देतो. पण सगळे म्हणायचे, “वा, थापी काय सुंदर बसतेय!” गोटा नुसता जळायचा.

“तू अंधारातच बरा,” थापी खिजवायची.

“मग आज एकटीच मिरव,” गोटा फणकारला.

त्या दिवशी शाळेत नव्यानं शिकायला आलेल्या रेवूचं पहिलंच मडकं होतं. तिनं थापी मारली आणि गोटा मुद्दाम तिच्या हातातून निसटला. मडक्याला हे एवढं भोक! रेवू रडायलाच लागली. गुरुजी वाकून बघतात तर भोकातून गोटा दिसला.

“अरेच्चा, हा निसटला होय!”

पहिल्यांदाच सगळे गोट्याकडे बघत होते, आणि तोंड लपवायला धड मडकं उरलं नव्हतं. तू गोटा असतीस तर काय केलं असतंस गं?