अंजिराचा चीक आणि दुधाचे कण

फार पूर्वी एका धनगरणीने शेळीच्या दुधाचं मडकं अंजिराच्या झाडाखाली ठेवलं होतं. त्या दुधातल्या प्रत्येक कणाच्या अंगावर बारीक केस होते. ते टोचायचे, म्हणून कण एकमेकांपासून लांबच राहायचे.

एक दिवस मडक्याला तडा गेला आणि कण मातीत गळू लागले.

“अरे, एकमेकांना धरा!” फांदीवरचा चीक म्हणाला.

“धरणार कसं? केस टोचतात.”

“मग कापू का?”

“नको! आमची तेवढीच तर शोभा आहे,” एक कण म्हणाला. तेवढ्यात त्याचा शेजारी गळून गेला. तसा तो कण हळूच म्हणाला, “काप बाबा.”

चीक मडक्यात उतरला आणि एकेकाचे केस कापत गेला. कण एकमेकांना बिलगले, त्यांचा मऊ गोळा झाला. तड्यातून नुसतं पाणी गळत राहिलं.

त्या कणाला पहिल्यांदाच दुसऱ्याच्या अंगाची ऊब लागली.