उलटा काटा

माझी शाळा आठवीत सुटली, तेव्हा शुद्धलेखन चुकलं किंवा शब्द साधे वाटले तर माफ करा.

मिरजेत जुने रेडिओ आणि मोटारींचं प्रदर्शन होतं. मला रेडिओचं काम शिकवणारे बाबालालचाचा तिथे शिरोळकर साहेबांच्या जुन्या रेडिओसमोर उभे राहिले. म्हणाले, "साहेब, हा बंद पडलेला रेडिओ मी बोलता केला. खाली माझ्या नावाची चिठ्ठी लावा, एवढंच."

साहेब लोकांकडे बघून हसले. "याला कुणाचा हात लागलेला नाही. कंपनीतून आला तसाच आहे. म्हातारा काहीही बोलतो!"

एरवी मला चारचौघांत बोलता येत नाही, पण त्या दिवशी राहवलं नाही. "साहेब, बटण उजवीकडे फिरवा."

त्यांनी फिरवलं. काटा डावीकडे सरकला.

"कंपनी काटा ओढणारी आतली दोरी उलटी बसवत नाही. चाचा डावखुरे आहेत, त्यांच्या हातून ती अशी बसते. का साहेबांनी आजवर स्टेशनच बदललं नाही?"

लोक खो खो हसले. साहेबांनी लगेच पेन काढलं. "लावा की नाव! उलटी दोरी बसवणारे कारागीर, बाबालाल!"

आता लोक चाचांना हसले. चाचा चिठ्ठी न लावताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दुकानात गेलो. चाचा म्हणाले, "मागच्या झाकणाच्या आत माझी सही आहे. मी तेच सांगणार होतो, तेवढ्यात तू बोललास."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी ते मागे घेतले नाहीत, पण माझ्या डोक्यावर हातही ठेवला नाही.