दोन हजार पाचशे वीस हंस

एक होती राणी, मृगावती नावाची. राजा गेला होता लांब तीर्थाला, राज्य तिच्या हाती. गणितात मोठी हुशार, पण स्वभावानं संशयी, बरं का. दूधसुद्धा आधी मांजराला चाटवायची आणि मग प्यायची.

एकदा काय झालं, शेजारच्या दुर्धर राजानं हंसांचा थवा पाठवला. सात वर्षांचं वैर त्याचं. सोबत चिठ्ठी होती. 'हे दोन हजार पाचशे वीस हंस. दोनापासून दहापर्यंत कशानंही भागा, बाकी शून्य. तशीच आपल्या वैराचीही बाकी राहू नये.'

राणीनं मनात भागून पाहिलं. खरंच होतं. या सगळ्यांनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या हीच. पण हा माणूस इतकं गोड कधीपासून बोलायला लागला?

मग तिनं पाखरं राखणाऱ्या म्हाताऱ्या गोमाजीला सांगितलं, "यांच्या तीन-तीनच्या ओळी लाव." गोमाजीनं काठी उचलायच्या आत हंस आपणहून उभे राहिले. एक उरला. मग सात-सातच्या लावल्या. एक उरला. मग दहा-दहाच्या. पुन्हा एक, आणि तोच, मळक्या पंखांचा.

"बाईसाहेब, हाच हेर," गोमाजी म्हणाला. "मान मुरगाळू का?"

"थांब जरा." राणी ओळींकडे बघत होती. एकही चोच हलत नव्हती. आणि तो मळका गोमाजीच्या धोतराचा सोगा ओढत होता. "गोमाजी, खरे हंस असे ओळीत उभे राहतात?"

"जन्म गेला पाखरं राखण्यात. दोन हंससुद्धा कधी सरळ उभे राहिले नाहीत."

मग राणीनं मूठभर साळी फेकल्या. मळका धावला, टिपायला लागला. बाकी कुणी मान वाकवली नाही. राणीनं ओळखलं. वाटेतल्या कुठल्याशा तळ्यावरून मागे लागलेलं हे एकच खरं पाखरू होतं.

तिनं चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. गोड आवाजात म्हणाली, "पाहुणे दमलेत. नऊ-नऊच्या ओळींनी वेशीबाहेरच्या तळ्यावर ने." हंस शिस्तीत निघाले. मळकाही त्यांच्यामागे डुलत चालला, तेव्हा राणीनं त्याला स्वतः उचलून घेतलं. शेवटची ओळ बाहेर पडली, गोमाजी आत आला आणि दरवाजाला अडसर पडला.

दिवेलागण झाली. बाहेर तलवारी खणखणल्या. हंस नव्हतेच ते, मंतरलेले शिपाई होते. पण तट उंच, शिडी एकही नाही. तीन दिवस बसले, चौथ्या दिवशी उपाशीपोटी घरी गेले. दुर्धर राजानं पुन्हा चिठ्ठी म्हणून लिहिली नाही.

मग राणीचा राजा तीर्थाहून परत आला. वेशीबाहेरच्या त्याच तळ्यात तो मळका हंस राहिला, येणाऱ्याजाणाऱ्याला चोच मारत. सगळे सुखात नांदले. आता तुम्हीही डोळे मिटा बघू. दार मी नीट लावलंय.