काचेच्या कडेची टेप

डबे आणि ब्रश माणसांसारखे भांडायचे, त्या काळातली गोष्ट. रखमाजी रंगारी खिडकीला निळा ऑइलपेंट द्यायला बसला. काचेला रंग लागू नये म्हणून त्याने कडेने मास्किंग टेप चिकटवली.

रंग आला तो अरेरावी करतच. "ए कागदी बाई, सरक. मला काचेवर जायचंय."

"नाही सरकत. काय करशील?"

"अगं, काम झालं की रखमाजी तुला ओढून फेकणार. मला खालून वाट दे, मी वाळून तुला घट्ट धरतो. जन्मभर खिडकीवर राहशील."

टेपने खाली पडलेल्या केराकडे पाहिलं. केरात जायचं कुणाला हवं असतं? तेवढ्यात काच रडवेली होऊन म्हणाली, "ताई, मी आंधळी होईन गं."

टेपने कड आणखी दाबून धरली. "ऐक रे मेल्या, दुसरीचे डोळे फोडून मिळालेलं घर मला नको."

काम झालं. रखमाजीने टेप ओढली, तिचा गोळा केला आणि खाली टाकला. रंग खदाखदा हसला, "गेली केरात!"

"गेले ना! पण माझी रेघ बघ," टेप खालून म्हणाली. "आता कुणी आडवं नाही. ओलांडून दाखव."

रंगाने खूप जोर केला आणि होता तिथेच वाळला.