खडीसाखरेचे पाय

एका राज्यात, राजवाड्याच्या मागच्या भिंतीवर बसून, एक साळुंकी कावळ्याला सांगत होती, "राजानं कौतिकाबाईच्या लाडवांचं ताट भिंतीवर मारलं! का, तर त्यातलं तूप..." एवढ्यात खालून मांजर आलं. कावळा उडाला, साळुंकी उडाली आणि बातमी अर्धीच राहिली.

भिंतीच्या अलीकडे तूर निवडत बसलेल्या कौतिकाबाईचं सूप हातातच राहिलं.

तिचं घर राजवाड्याला लागून, भिंत सामाईक. पलीकडे कोण रुसलं, कोण शिंकलं, कुणाच्या वरणात मीठ जास्त पडलं, सारं तिला कळे. राज्यात तिच्याइतकं ऐकणारं कुणी नव्हतं आणि तिच्याइतकं खाऊ घालणारंही कुणी नव्हतं. "एवढ्यानं काय होतंय, माझी शपथ आहे" म्हणत तिनं वाढावं आणि समोरच्यानं पान चाटूनपुसून उठावं. तीस वर्षं दर सणाला तिच्या लाडवांचं ताट राजवाड्यात जाई. आणि आता ते भिंतीवर? वर तुपाला नावं?

पदर खोचून ती तडक निघाली.

"काय काम?" द्वारपालानं भाला आडवा केला.

"तूप!" ती म्हणाली. तिचा चेहरा पाहून भाला आपोआप उभा झाला.

राजा हेमांगद खिडकीशी बसला होता. समोर उकडलेल्या दुधीची वाटी, गुडघ्यांवर शाल.

"महाराज, ताट माझं होतं."

"होय, कौतिकाबाई."

"ते भिंतीवर मारलंत?"

"मारलं."

पुढे बोलण्याऐवजी राजानं शाल बाजूला केली. त्याचे पाय गुडघ्यापर्यंत खडीसाखरेचे झाले होते. पैलूंमधून ऊन जाऊन जमिनीवर रंगीत ठिपके पडत होते. मुंग्यांची रांग लागली होती आणि एक दासी तिला मोरपिसानं हलकेच मागे लोटत होती.

"हा शाप आहे," राजा म्हणाला. "ही साखर वर चढत जाते. काळजाला लागली की मी संपलो. राजवैद्यांनी गोड बंद केलं. मी हात जोडून सगळ्यांना सांगितलं. प्रधानजी म्हणाले, एक पेढा, नातवाच्या बारशाचा. सेनापती म्हणाले, एक जिलबी, विजयाची. मग तुमचं ताट आलं, सोबत तुमची शपथ. नको म्हणायचा दुसरा मार्ग उरला नव्हता."

कौतिकाबाईचा संताप मावेना. "असले कसले हे प्रधान! माणसाचा जीव जातोय आणि यांना बारशाचा पेढा सुचतोय! आणि ते वैद्य! गोड बंद केलं ते केलं, वर हा दुधी? साखर सोडली म्हणून जिभेला सुतक कशाला?" आपल्या शपथेचा भाग तिच्या कानावरून तसाच गेला. "शाप कुणाचा, तेवढं सांगा."

"पांढऱ्या डोंगरावरच्या अंगारनाथ मांत्रिकाचा. तिकडे गेलेला कुणी परतला नाही."

"त्यांना भांडता येत नसेल," कौतिकाबाई म्हणाली आणि वाट दाखवायला साळुंकीला घेऊन निघाली.

अंगारनाथ धगधगत्या जाळात बसला होता, लोक पाटावर बसतात तसा.

"काय बिघडवलं हो त्या राजानं तुमचं?" तिनं खालूनच विचारलं.

"त्याच्या बापानं मला जेवायला बोलावलं," मांत्रिक म्हणाला. "गोड न खाण्याचं माझं बारा वर्षांचं व्रत. शेवटचा दिवस. मी तीनदा नको म्हणालो. त्यानं शपथ घातली, हात धरला, तोंडात श्रीखंड कोंबलं. सगळी पंगत हसली."

"प्रेमानं दिलं असेल."

"बारा वर्षं प्रेमानं मोडली."

तिनं पदर पुन्हा खोचला. "मग बापाच्या हट्टाचा दंड लेकाला? हा कुठला न्याय? लाज नाही वाटत, जाळात बसून ऐट करायला?"

जाळ थोडा उतरला. मांत्रिक म्हणाला, "राजाला तीन घास दे. साखर नको, गूळ नको, मध नको. पहिला असा, की कान तापावेत. दुसरा असा, की शेजाऱ्याला ऐकू यावा. तिसरा असा, की गोड असावा, पण गोडी कुणी घातलेली नसावी. आणि राजा बोलेल ते ऐकायचं."

"ऐकायचं मला सांगता? भिंतीपलीकडची शिंक ऐकते मी!"

"पाहू," मांत्रिक म्हणाला.

पहिल्या घासासाठी ती नागदरीत गेली. तिथल्या मिरच्यांवर बारा नागांचा पहारा. नागांनी फणा काढून विचारलं, "कशाला हव्यात?" ती म्हणाली, "ठेचा करायचाय." नागांनी एकमेकांकडे पाहिलं आणि वाट दिली.

ठेचा आणि कडक भाकरी राजापुढे आली. राजानं घास घेतला. कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं आणि वर्षभरात पहिल्यांदा राजा मोठ्यानं हसला. चतकोर भाकरी संपवून तो म्हणाला, "फार छान. आता पुरे."

"चतकोरानं काय होतंय? माझी शपथ आहे."

राजानं खाल्लं. कडकड आवाज झाला आणि साखर कमरेपर्यंत चढली.

"कण नाही हो साखरेचा त्यात!" कौतिकाबाई ओरडली. "तो मांत्रिक लबाड आहे!"

दुसऱ्या घासासाठी ती राक्षसाच्या गुहेत गेली आणि तो घोरत असताना त्याच्या श्वासावर हरभरे भाजून आली. ते फुटाणे राजानं चावले, तर तीन गल्ल्या पलीकडे कुत्री भुंकली. राजा पुन्हा हसला. अर्धी वाटी संपल्यावर म्हणाला, "पोट भरलं. नको आता."

"मूठभर तर उरलेत. ठेवून काय करायचे? टाका तोंडात."

राजानं टाकले. साखर बरगड्यांपर्यंत आली. आता राजाला श्वास घेताना आत किणकिण वाजू लागलं. कौतिकाबाईनं मांत्रिकाचा उद्धार करायला तोंड उघडलं, तेव्हा खिडकीतली साळुंकी म्हणाली, "बाई, राजा काय म्हणाला होता?"

"छान म्हणाला."

"त्यानंतर?"

कौतिकाबाईला आठवेना. भिंतीपलीकडची शिंक ऐकणारी ती, हातभर अंतरावरचा शब्द तिला आठवेना.

तिसऱ्या घासासाठी ती चांदीच्या शेतात गेली. तिथली ज्वारी एका दिवसात पिके. तिनं पहिल्या कणसाला हात घातला. कणीस म्हणालं, "अजून नको." तिनं सवयीनं खुडलंच. हातात खडा आला. दुसरं कणीस म्हणालं, "अजून नको." तिनं हात मागे घेतला आणि बांधावर बसली. ऊन डोक्यावर आलं. "अजून नको." ऊन कललं. बसून बसून पाठ धरली, जीव तळमळला, पण ती उठली नाही. शेवटी सारं शेत म्हणालं, "आता." तेव्हा तिनं ओंजळीनं कोवळी कणसं घेतली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजली, तळहातावर चोळली आणि गरम हुरडा, लसणाची चटणी घेऊन राजापुढे बसली.

राजानं चिमूट तोंडात टाकली आणि डोळे मिटले. दुधाळ, गोड, शेताची गोडी, कुणी न घातलेली. एक मूठ झाली, दोन झाल्या. मग राजानं वाटीवर हात आडवा धरला. "नको."

कौतिकाबाईच्या घशात शपथ उभी राहिली. ओठांपर्यंत आली. अजून अर्धी वाटी वाफाळत होती, दिवसभराचे कष्ट होते, तिच्या हातचं होतं! तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. डोळ्यांत पाणी आलं. मग पदर काढून ती म्हणाली, "बरं, महाराज."

आणि वाटी उचलली.

राजाच्या छातीत किणकिण थांबली. खडीसाखर विरघळून पायऱ्यांवरून वाहत गेली. मुंग्यांनी तिचा पाठलाग केला. राजा उभा राहिला, आपल्या पायांवर. पांढऱ्या डोंगरावरचा जाळ विझला तो कायमचा.

प्रधान धावत आला, हातात पेढा. "महाराज, आता तर तोंड गोड कराच!"

"नको," राजा म्हणाला.

"एकच, माझी..."

"ते नको म्हणाले ना?" कौतिकाबाई अशी कडाडली, की पेढा प्रधानानं स्वतःच गिळला. "राजाचा जीव गेला असता तुमच्या एकेका पेढ्यापायी! आणि माझ्या लाडवांपायी," ती खाली पाहून म्हणाली.

त्या दिवसापासून त्या राज्यात पाहुण्याला आधी विचारतात आणि मग वाढतात. राजानं साखर पुन्हा घेतली नाही. ठेचा मात्र रोज घेतो, कान लाल होईपर्यंत.

जाता जाता कौतिकाबाई दारात थबकली. "महाराज, साळुंकी म्हणत होती, तूप..."

"ताट मारलं, ते खरं. तुपापायी मारलं, ते खोटं."

"म्हणजे तूप चांगलं होतं!"

राजा म्हणाला, "कौतिकाबाई, आता तुम्हाला ऐकू येतं. म्हणून सांगतो. थोडं खवट होतं."

कौतिकाबाई लालबुंद झाली. कमरेवर हात गेले, तोंड उघडलं. भिंतीवरच्या साळुंकीनं श्वास रोखला.

"बरं, महाराज," कौतिकाबाई म्हणाली आणि घरी जाऊन तुपाचा बुधला पालथा केला.